अर्जकाका आणि बुडालेला टेम्पो

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजवर जमलेलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागते, कारण अर्जकाका म्हणायचे की अर्जाची सुरुवात नम्रपणे करावी. ते असंही म्हणायचे, "अक्षर वाईट असलं तर चालतं, सूनबाई. खाडाखोड चालत नाही." म्हणून जे चुकलं ते तसंच ठेवलंय. एकही शब्द खोडलेला नाही.

काकांना सरकारी आदेश पाठ असायचे आणि ते मंत्रासारखे म्हणायचे. आमच्या गंगेकाठच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत पाठशाळेतली मुलं सकाळी वेद घोकतात. त्याच चालीवर, तसाच हात वरखाली करत, काका आपल्या ओट्यावर बसून "कलम चार, उपकलम ख" म्हणायचे. नवखा यात्रेकरू लांबूनच नमस्कार करून जायचा. एका म्हातारीने तर त्यांच्यापुढे अकरा रुपये ठेवले. काकांनी तिला गल्लीच्या टोकापासून परत बोलावलं, पैसे हातात दिले आणि सांगितलं, "माताजी, ये बिजली के बिल का नियम है।"

ते रेल्वेच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. काकू गेलेल्या, मुलगा पुण्याला. दिवसभर गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, म्हणून अर्जकाका. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. अट एकच. अर्जात खोटं एक अक्षर लिहायला सांगायचं नाही. सांगितलं तर ते पेनला टोपण लावायचे आणि टोपण लागलं की विषय संपला.

मी लग्न होऊन वाईकडच्या खेड्यातून इथे आले तेव्हा मला हिंदी येत नव्हती, आणि मराठीतसुद्धा चार माणसांत तोंड उघडायची नाही. काकांशीही दाराआडून बोलायचे. एकदा काहीतरी विचारायचं होतं आणि मी नुसतीच दार धरून उभी. काका म्हणाले, "बोलता येत नाही ना? मग लेखी दे." तेव्हापासून मी त्यांना चिठ्ठ्या लिहायला लागले, मीनूच्या जुन्या वहीच्या कागदावर. मीनू आमची मुलगी. मी आमटी पाठवली की काकांची उलट चिठ्ठी यायची: "एक वाटी आमटी मिळाली. मीठ योग्य. वाटी परत करणे बाकी." खाली सही. अशा चिठ्ठ्यांचा माझ्याकडे एक डबा भरला आहे.

आता टेम्पोचं. आमचे हे राजघाट ते कँट स्टेशन शेअर टेम्पो चालवतात. घर त्यावरच चालतं. टेम्पो गल्लीत शिरत नाही, म्हणून तेव्हा वरुणा नदीकाठच्या सखल मैदानात उभा असायचा. त्या वर्षी गंगा अशी चढली की वरुणेचं पाणी उलटं फिरलं. हे तापाने फणफणलेले, पाणी मैदानात घुसल्याचं कळेपर्यंत टेम्पो टपापर्यंत बुडाला. पाच दिवस बुडालेला होता. त्याच आठवड्यात त्याच्या फिटनेसच्या दाखल्याची मुदतही संपली. म्हणजे इंजिन दुरुस्त करायला पैसे नाहीत, आणि झालं तरी रस्त्यावर काढायला कागद नाही.

मग सरकारचा आदेश आला. पुरात बुडालेल्या प्रवासी गाड्यांना थोडी मदत आणि थोडी बिनव्याजी उचल, ती हप्त्यांनी फेडायची. ज्यांचे दाखले पुरात संपले ते तीन महिने चालू धरले जातील. नेहमीचा रस्ता बंद असेल तर खुल्या रस्त्याने जायला परवानगी. काकांच्या घरी जणू लग्न निघालं. दोन दिवसांत पूर्ण आदेश पाठ, आणि सकाळ-संध्याकाळ ओट्यावर त्याचंच पठण. मला तो चुलीपाशी बसून ऐकून ऐकून येऊ लागला, अर्थ मात्र तेव्हा सगळा लागत नव्हता.

इथे माझी चूक झाली. पाणी उतरलं, यांनी मित्रांच्या मदतीने टेम्पो ओढून गल्लीच्या तोंडाशी, आमच्या दारापासून चार पावलांवर आणला. गणपती दोन दिवसांवर आलेले. दारात असा गाळाने माखलेला टेम्पो ठेवून गणपती कसा बसवायचा? मी आणि मीनूने रिठ्याचं पाणी केलं, नारळाच्या शेंड्या घेतल्या आणि टेम्पो घासघास घासला. काचा पुसल्या. हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. इतका स्वच्छ तो विकत घेतला तेव्हाही नव्हता.

काका आले, बघितलं. मग पायरीवर बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "तू पुरावा धुतलास."

आदेशात होतं की तपासणी करणाऱ्या साहेबाने गाडीवर पाण्याची खूण पाहून पंचनामा करावा.

"आई, फोटो तरी खींच लेना था ना!" मीनू म्हणाली. जसं काही ती घासताना शेजारी नव्हतीच.

हे बादली घेऊन घाटावर गेले आणि गाळ घेऊन आले. "लावून टाकू परत. गाळ गंगेचाच आहे, काका."

"गजा, गाळ खरा आहे. लावणं खोटं आहे." काकांनी पेनला टोपण लावलं. "अर्ज माझ्या हातचा आहे."

यांनी बादली तिथेच ओतली आणि डोकं धरून बसले. मी आत जाऊन चिठ्ठी लिहिली: "चूक माझी आहे. माफी असावी. पण आता खायचं काय?" काकांनी ती वाचली, कोपऱ्यात "प्राप्त" लिहून सही केली आणि आमच्या फाइलला लावली. मग बराच वेळ टेम्पोभोवती फिरले. सीटवर बोट दाबून पाहिलं. परत आले तेव्हा टोपण काढलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण, फिक्या रंगाची कडक इस्त्रीची पँट. टेम्पोला एक फेरी मारून हसले. "ये बाढ़ में डूबी थी? ये तो शोरूम से आई लगती है।"

"साहब, आपने बाहर से देखा," काका हात जोडून म्हणाले. "कलम सात, यात्री-आसनों की जाँच। वो बाकी है।"

"देख तो रहा हूँ, ठीक है सीट।"

"देखने से सीट का क्या पता चलेगा? बैठिए।"

साहेब बसले. मी सीटचं वरचं रेक्झिन घासलं होतं, आतल्या स्पंजपर्यंत माझा हात पोचला नव्हता. पाच दिवसांची वरुणा आत तशीच बसून होती. पचक असा आवाज झाला आणि शिवणीतून काळं पाणी वर आलं. साहेब उडी मारून उभे राहिले तेव्हा पाण्याची खूण होती. टेम्पोवर नव्हती, पण होती.

काका शांतपणे म्हणाले, "अब लिख लीजिए।"

साहेबांनी आधी काकांकडे रागाने पाहिलं, मग वळून स्वतःच्या मागे पाहायचा प्रयत्न केला, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. पंचनामा त्यांनी उभ्यानेच लिहिला. मी दाराआडून यांची लुंगी पुढे केली आणि साहेबांची पँटसुद्धा मीच धुतली. काका म्हणाले, "पंचनामा झाल्यावर धुवायला हरकत नाही."

उचल घ्यायला जामीनदार लागत होता, पेन्शन किंवा पगार असलेला. यांचे चुलतभाऊ बँकेत आहेत. त्यांना नेमकं तेव्हाच गावी जायचं निघालं. काकांना आम्ही विचारलंच नव्हतं. ते आपणच येऊन म्हणाले, "रकाना रिकामा ठेवून अर्ज देतात होय?" आणि आपलं नाव लिहिलं. गल्लीतले लोक हसले. सरकारचे पैसे कोण फेडतं, पुढच्या निवडणुकीला माफ होतील. काका म्हणाले, "माफ होतील तेव्हा होतील. तोवर हप्ता. गजानं चुकवला तर पेन्शन माझं कापतील, आणि मग सूनबाईला रोज दोन वाट्या पाठवाव्या लागतील."

टेम्पो पहिल्यांदा निघाला त्या दिवशी काका यांच्या शेजारी जाऊन बसले, हातात आदेश. मैदागिनच्या चौकात पोलिसाने अडवलं. फिटनेस संपलेला, आणि रस्ताही नेहमीचा नाही. काकांनी डोळे मिटले, हात वर केला आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली. हे सांगतात, पाच कलमं होईपर्यंत पोलिसाने टोपी काढून काखेत धरली होती. मागे बसलेली एक बाई ओरडली, "पंडितजी, कथा बाद में पूरी कर लीजिएगा, हमारी गाड़ी छूट जाएगी!" पोलीस म्हणाला, "जाइए महाराज, जाइए।" काकांना मात्र वाईट वाटलं. सहावं कलम सगळ्यात चांगलं होतं म्हणे.

दर महिन्याला हप्ता भरून आलो की पावती काकांना दाखवायची. ते चष्मा लावून शिक्का पाहायचे, फाइलला लावायचे, आणि मग चहा. एकही हप्ता चुकला नाही. एकदा आमच्याकडे मीठ-भातावर दिवस काढायची पाळी आली होती, तेव्हाही नाही.

गेल्या थंडीत काका गेले. चार दिवसांचा ताप फक्त. पुण्याहून मुलगा आला, सगळं केलं, आमची फाइल आमच्या हाती दिली आणि घराला कुलूप लावून गेला. काकांची शेवटची चिठ्ठी माझ्याकडे आहे: "एक वाटी मऊ भात मिळाला. वाटी परत करणे बाकी." ती वाटी त्या कुलपाच्या आत राहिली. मी माफ केली आहे. लेखी दिलेलं नाही.

महिन्याभरात कचेरीतून कागद आला. जामीनदार मयत, तीस दिवसांत नवा जामीनदार द्यावा, जुनं नाव कमी करण्यात येईल. पाचच हप्ते राहिले होते, त्यामुळे बँकेतले चुलतभाऊ आता एका पायावर तयार झाले. हे म्हणाले, "बरं झालं."

मला काही बरं वाटेना. त्या रजिस्टरात काकांच्या नावावरून रेघ मारणार, आणि वर लिहिणार कोणाचं नाव, तर गावी पळालेल्या माणसाचं. जन्मभर ज्यांनी खाडाखोड केली नाही त्यांच्यावर. मी चिठ्ठी लिहून यांच्या ताटाशेजारी ठेवली: "काकांचं नाव खोडू नये. पाचही हप्ते एकदम भरावेत. माझे पापडांचे पैसे आहेत." यांनी वाचली, जेवण संपवलं. मग पेन मागितलं आणि खाली लिहिलं, "मान्य. टायरसाठी साठवलेले पैसे मिळवून."

कचेरीसमोर टेम्पो उभा करायला जागा नव्हती. हे म्हणाले, "तूच जा आत." मी गेले. खिडकीतल्या बाबूने कागद पाहिला. "पहले नया जमानतदार लाइए। फिर जमा होगा।"

लेखी काही आणलं नव्हतं. मागे रांग. बाबूने कागद परत सरकवला, आणि काय झालं कोण जाणे, माझा हात वर गेला. काकांच्याच चालीवर तोंडातून निघालं, "कलम नौ। समस्त शेष राशि एकमुश्त जमा करने पर जमानत स्वतः समाप्त मानी जाएगी।" सगळी बाकी एकदम भरली की जामीन आपोआप संपतो, हे उपकलमासकट सगळं म्हटलं. मागच्या म्हाताऱ्याने हात जोडले.

बाबूने मान वर केली. "कहाँ तक पढ़ी हैं आप?"

"चौथी."

त्याने आदेश काढला, नववं कलम बोट ठेवून वाचलं. मग नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या आणि रजिस्टर उघडलं. जामीनदाराच्या रकान्यात काकांचं नाव होतं, बारीक, सरळ, एकही रेघ न गेलेलं. बाबूने त्याच्या खाली कर्जफेडीचा शिक्का ठेवून दाबला. मला तो खिडकीतून उलटा दिसत होता, तरी मी अक्षर अक्षर लावून वाचला. पूर्ण भुगतान.