फिक्या पेन्सिलींचं प्रकरण

चहा गार करू नका, आणि हसू आलं तर मोकळेपणाने हसा. कारण जे सांगणार आहे तो गाढवपणा शंभर टक्के माझा आहे. त्यात बाजारातल्या बऱ्याच जणांनी हातभार लावला, पण तो मी 'सर' आहे म्हणून. त्यांना दोष नको.

मी ड्रॉईंगचा मास्तर. लोणावळ्याच्या अर्ध्या बाजारपेठेला वर्तुळ काढायला मी शिकवलंय. "पेन्सिल दाबू नका, दाबू नका" हे एक वाक्य बोलण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झालो, कुसगावात घर बांधलं, मूलबाळ नाही, तेव्हा घरात आम्ही दोघंच. म्हणजे होतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शालन गेली.

भिंतीवर तिचा फोटो लावायचा म्हणून शोधायला बसलो, तर एक धड फोटो सापडेना. कुणी फोन वर केला की ही बाई पदर तोंडावर घ्यायची, नाहीतर वाढायला उठायची. लग्नाकार्याच्या फोटोंत तिची पाठ आहे, कोपर आहे, जिलेबीचं ताट आहे. समोरून काढलेला फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात ती अशी दिसते की कुणीही घाबरून दोन पावलं मागे सरकावं.

शालनची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुरवंड्याला धाकट्या मुलीकडे, सुमनकडे असतात. खूप वय झालंय, खाट सोडून कुठे जात नाहीत. सगळे विधी आटोपल्यावर मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "समद्या गावाची चित्रं काढली तुमी. माझ्या पोरीचं एक काढून द्या. मला तिचं तोंड बगायचंय."

मी हो म्हणालो. वर्षश्राद्धाला सुमन येईल तेव्हा तिच्या हाती पाठवतो, असा शब्द दिला. इथपर्यंत हसण्यासारखं काही नाही, मला ठाऊक आहे. थोडं थांबा.

पावसाळा लागला तसा मी चित्राला बसलो. आता चित्रकार पेन्सिल कशी निवडतो हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. ज्या कागदावर चित्र काढायचं त्याच कागदाची एक पट्टी कापायची. पेन्सिलीला ब्लेडने लांब टोक काढायचं, शार्पनरने नव्हे. मग ती आडवी धरून पट्टीवर हलक्या हाताने सावली भरत न्यायची. शिसं खरखरतं का, मध्येच चमकतं का, किती काळं उतरतं ते पाहायचं. एचबी जराशी कडक, टू बी तिच्याहून मऊ आणि काळी, फोर बी आणखी मऊ, असं पुढे पुढे. चेहऱ्याला मी एचबी आणि टू बी सोडून काही वापरत नाही. शालनचा रंग गव्हाळ होता, तिला टू बी अगदी पुरेशी होती.

तर मी टू बी घेतली, पट्टीवर फिरवली, आणि काय? फिकी! कागदावर कुणी ओलं बोट फिरवावं तेवढीसुद्धा खूण उमटेना. फोर बी घेतली. तीही तशीच. सिक्स बी, जी एरवी कोळशाची बहीण, ती आमच्या जुन्या एचबीसारखी दिसायला लागली.

माझं डोकंच फिरलं. हल्ली दुधात पाणी आणि तिखटात विटेची पूड घालतात, हे ऐकून होतो. पण शिशातही भेसळ?

पेन्सिली पिशवीत घालून तडक रफीकभाईच्या दुकानात गेलो. रफीकभाई बाजारात वह्या-पुस्तकं विकतो, माझाच विद्यार्थी. गल्ल्यासमोर कागद पसरून मी सगळ्या पेन्सिलींच्या रेघा ओढून दाखवल्या. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. म्हणाला, "सर, तुम्ही म्हणताय म्हणजे फिकीच असणार."

त्याने नवा बॉक्स उघडला. तोही फिका. दुकानात कंपासपेटी घ्यायला आलेले एक गृहस्थ वाकून बघू लागले आणि म्हणाले, हो हो, आमच्या मुलाचं अक्षरही हल्ली पुसटच येतंय. झालं! आठवड्याभरात बाजारात बोभाटा झाला की पेन्सिलीत राख मिसळतात. पालक जुन्या पेन्सिली परत घेऊन यायला लागले. मला रस्त्यात थांबवून लोक पेन्सिली दाखवायचे, आणि मी डॉक्टरने नाडी बघावी तसा त्यांच्या रेघा बघून मान हलवायचो.

शेवटी पुण्याहून घाऊक व्यापाऱ्याचा माणूस आला. त्याने एक रेघ मारली आणि विचारलं, ही काळी नाही तर काय आहे? दुकानात पाच-सहा जण उभे होते, सगळे डोळस. पण त्यांच्यात मीही उभा होतो, आणि मी मान हलवली. मग सगळ्यांनीच मान हलवली. बिचारा बॉक्स उचलून घेऊन गेला.

मी घरी येऊन चित्राला लागलो. इलाज नव्हता, असलेल्या पेन्सिलींनीच काढायचं होतं. एट बी घेतली आणि दाबायला लागलो. हो, दाबायला! ज्या गोष्टीसाठी पोरांच्या बोटांवर पट्ट्या मारल्या, तीच. चेहरा आठवणीतून येत होता, त्याची अडचण नव्हती. हनुवटीवरचा तीळ, हसताना एका बाजूला जरा जास्त उघडणारं तोंड, सगळं पाठ होतं. पण गाल काही भरेना. रोज भरायचो आणि रोज ती मला फिकीच दिसायची. रात्री झोपताना मनात यायचं की ती आणखी लांब चालली आहे, आणि सकाळी उठून पुन्हा पेन्सिल घासायचो.

त्यात यंदाचं धुकं. आमच्याकडे पावसाळ्यात धुकं घरात शिरतं, दिवसा दिवा लावावा लागतो. पण यंदा पाऊस संपला, नवरात्र गेलं, तरी ते हटायचं नाव घेईना. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला मी म्हणालो, काय धुकं आहे हो यंदा. तो म्हणाला, व्हय सर, लय हाय. भला माणूस आहे.

वर्षश्राद्धाच्या सकाळी सुमन आली. मी दारातच म्हणालो की एवढ्या धुक्यातून येताना त्रास झाला असेल. तिने मागे वळून पाहिलं आणि आत आली. मग मी मोठ्या थाटात कागदावरचं फडकं काढलं.

सुमन चित्रावर वाकली. मला वाटलं, गहिवरली. मग हळूच म्हणाली, "दाजी, आमची ताई एवढी काळी न्हवती ओ."

मला राग आला. काळी? मी इथे गाल फिके राहिले म्हणून झुरतोय आणि ही काळी म्हणते? मी म्हणालो, तुला चित्रातलं काय कळतं. तिने वाद घातला नाही. माझा हात धरून खिडकीशी नेलं आणि विचारलं, भायेर काय दिसतंय?

"धुकं," मी म्हणालो.

"दाजी," ती म्हणाली, "ऊन पडलंय. समोरच्या डोंगरावं गुरं चरत्यात. त्यातलं एक लंगडतंय, त्ये बी दिसतंय मला."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! आणि तोही आजचा नव्हे, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मी काय सांगणार? ज्या बाईच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं असतं, "अहो, चहा बशीत नाही, टेबलावर ओतताय" असं जी म्हणाली असती, ती नव्हती. तिच्यावाचून माझं काय काय अडतं हे मला असं एकेक कळत होतं.

ऑपरेशनं झाली. सुमननेच नेलं-आणलं. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर घरी आलो आणि दारातच उभा राहिलो. वर्षभर मी रोज झाडत होतो, असं मला वाटत होतं. कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं, फडताळावर बोटभर धूळ, आणि पेन्सिलींच्या टोकांचा भुगा तर घरभर. मग चित्राकडे गेलो. काय पाहिलं सांगू? चुलीवरून नुकता उतरवलेला तवा! त्या काळ्यातून दोन डोळे तेवढे बाहेर बघत होते. माझ्याच हाताने मी माझ्या बायकोला काळं फासलं होतं.

मी ते तिथल्या तिथे फाडलं. बारीक बारीक तुकडे केले आणि सकाळी घंटागाडी आली तेव्हा तिच्यात टाकले. लाज वाटली हो.

रफीकभाईची माफी मागायला गेलो. त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, त्याने नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला. नवा कोरा चष्मा. म्हणाला, "सर, मला त्या पेन्सिली काळ्याच दिसत होत्या. मी म्हटलं, सरांना फिक्या दिसतात म्हणजे माझेच डोळे गेले. म्हणून हा करून घेतला."

मग मी खरं चित्र काढलं. पट्टी कापली, ब्लेडने टोकं काढली, एचबी आणि टू बी. गालावर शिसं नुसतं फुंकरीसारखं टेकवलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं चांगलं चित्र माझ्या हातून उतरलं नव्हतं. चौकट करून कुरवंड्याला घेऊन गेलो. सुमनने पाहिलं आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मला वाटलं, जिंकलं.

सासूबाईंनी चौकट मांडीवर घेतली. लांब धरली, जवळ धरली. काचेवरून हात फिरवला, उलटी करून मागचा पुठ्ठा चाचपला. मी म्हटलं, आई, सरळ धरा. त्यांनी सरळ धरली.

"काच हाय," त्या म्हणाल्या. "कागद हाय. पोरगी कुटं हाय?"

मी बोटाने दाखवायला लागलो. हे कपाळ, हे डोळे. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. मग चौकट खाली ठेवून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "जावायबापू, कोरा कागद आणला ओ तुमी. वय झालं तुमचं बी. एकदा डाक्तरला डोळं दाखवा."

सुमनने मला पडवीत नेऊन सांगितलं. आईच्या डोळ्यांचा मागचा पडदा कधीचाच गेलाय, त्याला आता इलाज नाही. माणसं त्या आवाजावरून ओळखतात आणि कळू देत नाहीत. एखादं काळंभोर काही असलं तर तेवढं दिसतं. मग तिचा चेहरा उजळला. "दाजी, त्ये पयलं काळं चित्र हाय न्हवं घरी? त्ये आणा. त्ये दिसंल आईला."

मी हो म्हणालो. फाडलं, हे सांगायला जीभ उचलेना. सबंध मावळात त्या माऊलीला दिसेल असं एकच चित्र होतं, आणि ते मी चांगली दृष्टी आल्याबरोबर कचऱ्याच्या गाडीत टाकलं होतं.

पुन्हा रफीकभाईकडे. सगळ्यांत काळी पेन्सिल दे, म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव मी तुम्हाला काढून दाखवू शकेन, सांगू नाही शकणार. घरी बसलो तर हात चालेना. आता लख्ख दिसत होतं ना! चार रेघा दाबल्या की आतून कुणीतरी ओरडायचं, बिघडलं, खोड. चित्र पांढरंच राहायचं.

शेवटी पेन्सिली घेऊन कुरवंड्याला गेलो आणि सासूबाईंच्या खाटेशी बसलो. त्यांच्यासमोर पट्टी धरून एकेक पेन्सिल फिरवली. हे दिसतं का, आई? न्हाई. हे? न्हाई. हे? "माशी बसली वाटतं कागदावं." एट बी दोनदा दाबून फिरवली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कायतरी हाय."

मग तिथेच, त्यांच्या डोळ्यांनी काढलं म्हणा ना. कागदाकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त बघत होतो. पहिलीतल्या पोराने काढावं तसं, जाड जाड, सावली नाही, बारकावा नाही. कपाळ, नाक, हनुवटीवरचा तीळ वाटाण्याएवढा, आणि एका बाजूला जास्त उघडलेलं हसू. माझ्या वर्गात कुणी असलं काढलं असतं तर मी वही फेकून दिली असती.

कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खूप वेळ धरला. हसण्याच्या त्या एका बाजूवरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. "शालन," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवलं.

"दाखवलं न्हवं डोळं?"

"दाखवलं, आई."

"मग! म्हणून तर आली माझी पोरगी. आदीच दाखवायचं व्हतं."