रुमालाखालची सायकल

चढ देवाने बैलांसाठी केला आणि उतार माणसांसाठी, असं मनापासून मानणारा आणि त्याबरहुकूम जगलेला माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच, आणि ते म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहायला धारूरला, अगदी बालाघाटाच्या काठावर. धंदा बैलबाजारात दलालीचा. बाजार नसेल त्या दिवशी हे गृहस्थ आपली काळी सायकल घाटाच्या तोंडाशी न्यायचे, धोतराचा काचा घट्ट करायचे, डोक्याचा रुमाल हनुवटीखाली आवळायचे आणि स्वतःला खाली सोडून द्यायचे. पायडल मारणं त्यांना कमीपणाचं वाटे. खाली पोचलं की सायकल एस.टी.च्या टपावर चढवून पुन्हा वर. एका कंडक्टरने सायकलीचं तिकीट मागितलं, तर म्हणाले, "देतो की. पण मंग तिला खिडकीजवळची शीट द्या."

त्या सायकलीचे ब्रेक केवळ परंपरा म्हणून होते. खरं थांबवण्याचं काम डाव्या पायातली कोल्हापुरी करी, त्यामुळे त्यांच्या डाव्या चपला वर्षाला तीन झिजत आणि उजव्या नव्याकोऱ्या शिल्लक राहत. मेव्हणीने त्या उजव्या चपलांची दारामागे एक रांगच लावून ठेवली होती; पाहुण्यांना वाटे, घरात एका पायाची माणसं फार. एकदा घाटात पुढ्यात वरात आली. चप्पल ऐन वेळी पायातून निसटली आणि साडू बँडवाल्यांच्या मधून, घोड्याच्या नाकासमोरून पार झाले. घोडा बिथरून उलटा वर पळाला. नवरदेव मांडवात पोचला तेव्हा साडू पहिल्या पंगतीत बसून बुंदी मागत होते. वधूपित्याने विचारलं, "तुमी कुणाकडचे?" साडू म्हणाले, "वरातीसंगंच आलो की. जरा पुढं निघालो एवढंच."

मग गावात डिश आली. शेजारच्या किराणा दुकानदाराच्या टीव्हीवर साडूंनी पाहिलं, की परदेशात धडधाकट माणसं जाडजूड चाकांच्या सायकलींवरून डोंगर उतरतात आणि वर त्यांना बक्षीसही देतात. "यांना घरी कुणी काम सांगत न्हाई का?" असं त्यांच्या बायकोने विचारलं, पण साडू तिथं नव्हतेच. ते केव्हाच त्या डोंगरावर गेले होते. तीन दिवस जेवणात लक्ष नाही. चौथ्या दिवशी आमच्याकडे बीडला आले आणि चहाच्या आधीच म्हणाले, "साडूभाऊ, तिला म्होरल्या पायात शॉकअप हाय."

तशी एक सायकल बीडच्या बाजारपेठेत एका दुकानात दोन वर्षं टांगलेली होती. लाल, अठरा गिअरची. कुणी घेत नव्हतं, कारण तिला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, दुधाची किटली अडकवायला जागा नाही. जितकं कमी तितकी किंमत जास्त, हा हिशेब आमच्याकडे अजून पोचला नव्हता. साडूंनी जर्दा सोडला. मनगटावरचं घड्याळ विकलं. "घाटात टाइम बगायला सवड कुणाला?" म्हणाले. दीड वर्षाने बावीसशे रुपये कनवटीला बांधून आले. त्याच्यावर एक रुपया नव्हता.

सायकलीची पारख त्यांनी बैलासारखीच केली. आधी लांबून पाहिलं. मग मागून जाताना, लाथ मारील म्हणून, जरा अंतर ठेवून गेले. पुढचा-मागचा खूर दाबून पाहिला, पाठीवर थाप मारली, शिंगं धरून मान इकडे-तिकडे वळवली. "जरा चालवून दाखवा," म्हणाले. दुकानदाराच्या नोकराने ती रस्त्यावर नुसती हातात धरून दहा पावलं फिरवली. साडू गुडघ्यावर बसून चाल बघत होते. उठले तेव्हा डोळे भरून आले होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खोड न्हाई. एक बी खोड न्हाई हिच्यात."

आता भाव. आमच्याकडे बैलाचा सौदा बोलून होत नाही, रुमालाखाली होतो. हातावर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरायची. आधी धरली ती हजारं, मग धरली ती शेकडे. वर चेहरे दगडाचे. आणि रुमालाखालचं कधीही तोंडावर आणायचं नाही. नशीब असं, की दुकानदाराचा बाप बैलांचाच व्यापारी होता. तो हसत हसत हात पुढे करून तयार झाला. पण साडूंनी रुमाल माझ्या हातावर टाकला. "आपल्या दावणीचा सौदा आपुन करू न्हाई, साडूभाऊ. बोटं फितूर व्हतात." मला बोटांची भाषा त्यांनीच एका उन्हाळ्यात शिकवली होती. मी तहसील कचेरीतला कारकून. आयुष्यात तेवढंच एक गुपित शिकलो.

इथवरचं सगळं आमच्या नातेवाइकांत सर्वांना पाठ आहे. लग्नकार्यात अजून सांगतात आणि हसतात, आणि शेवटी म्हणतात, की दुकानदार हावरट निघाला. तीस वर्षं मीही मान हलवत आलो. आता ऐंशी सरली. तेव्हा सांगतो.

दुकानदाराने आधी माझी तीन बोटं धरली, मग एक. एकतीसशे. मी दोन बोटं धरून थांबलो. तो उतरत गेला. शेवटी त्याने माझी दोन बोटं धरली, सोडली, आणि पुन्हा तीच दोन धरली. बावीसशे. सौदा पक्का करायला आता मी फक्त त्याचा अख्खा पंजा दाबायचा होता.

मी हात काढून घेतला. म्हणालो, "एकतीसच्या खाली येत नाहीत."

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. पण बापाचा मुलगा, रुमालाखालचं बोलला नाही. साडूंनी रुमाल उचलला, झटकला, पुन्हा डोक्याला बांधला. त्याला जरा वेळ लागला. मग मोठ्याने हसून म्हणाले, "जाऊ द्या. जे भावात उतरत न्हाई, ते घाटात काय उतरंल!" सारं दुकान हसलं.

आदल्या आठवड्यात मेव्हणीने माझ्या पायांवर हात ठेवून शपथ घातली होती, "दाजी, ती सायकल घरात येऊ देऊ नका. ह्या काळ्या सायकलीवर वाचले, त्या लालीवर वाचणार न्हाईत." हे खरं आहे. पण माझी बायको मला रोज म्हणे, "बघा, माझ्या बहिणीचा नवरा कसा हसतो," हेही खरं आहे. त्या रुमालाखाली माझा हात यांतल्या कोणत्या कारणाने मागे आला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मोडलेल्या सौद्याच्या दावणीला दलाल पुन्हा जात नाही, म्हणून साडू त्या दुकानात परत गेले नाहीत. त्याच दिवशी मी त्यांना धारूरला पोचवायला एस.टी.त बसलो. घाट चढताना ते खिडकीतून बघत होते, आणि प्रत्येक वळणाला मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं आपोआप आवळत होती. त्या लाल सायकलीचा ब्रेक हवेतच दाबत होते. बावीसशेचे घरावर पत्रे आले.

गेल्या साली मेव्हणी गेली आणि तिची शपथ तिच्याबरोबर गेली. परवा मी धारूरला गेलो. साडू ओट्यावर बसले होते. गुडघे गेलेत, कान तर पारच गेलेत. दारामागे उजव्या चपला अजून आहेत. ओरडून सांगावं, तर सारी गल्ली ऐकेल. मी त्यांचा रुमाल घेतला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. ते हसले, "काय इकायला आणलंय?" म्हणाले. मी त्यांची दोन बोटं धरली, सोडली. पुन्हा तीच दोन धरली. वर मान करून म्हणालो, "लाल."

त्यांचा चेहरा दगडाचाच राहिला. धंद्यातला माणूस. मग म्हणाले, "लई म्हाग होती, साडूभाऊ. म्या घेतलीच नसती."

पण हात त्यांनी काढला नाही. समोरून घाटाचा रस्ता जात होता, ते तिकडे बघत होते, आणि रुमालाखाली त्यांची बोटं माझ्या बोटांवर हळूच आवळत होती, सैल होत होती, पुन्हा आवळत होती. कुठलं वळण आलं, ते मी विचारलं नाही.