मावशींचे शेठ

डाव्या हाताचा तळवा कपाळावर आडवा धरायचा, उजव्या हातातला ब्रशचा दांडा काठीसारखा टेकवायचा आणि पूर्वेकडे बघत म्हणायचं, "आलं बघा शेठ. लागा कामाला."

शेठ म्हणजे सूर्य. आणि हे रोज म्हणणाऱ्या म्हणजे आमच्या मावशी.

चाकणच्या कंपन्यांच्या पत्र्यांवर सोलरच्या प्लेटा तुम्हीही येता-जाता पाहिल्या असतील. पण त्या पुसतं कोण, असा प्रश्न काही तुम्हाला पडला नसेल. मलाही नव्हता पडला. आयटीआय करून मेंटेनन्सला लागलो आणि पहिल्याच दिवशी शिडी चढून वर गेलो, तर समोर पाच बायका. साडीवर हेल्मेट, कमरेला सेफ्टी बेल्ट, हातात लांब दांड्याचे ब्रश. मला वाटलं, चुकून कुणाच्या तरी हळदीकुंकवाला आलो.

पाचही जणी जवळच्याच एका गावच्या, एकाच बचत गटातल्या. गट मावशींचा, त्यामुळे हुकूमही त्यांचाच. शिडी चढताना आधी चौघींना वर पाठवायच्या आणि शेवटी स्वतः चढायच्या. "पोरी वर पोचल्या की मग माझा नंबर."

मला नकला करायची खोड. आमच्या साइट मॅनेजरचं दर वाक्यातलं "बेसिकली", ठेकेदाराचं नाकातलं "काय चाल्लंय?", सगळं मी पत्र्यावर करून दाखवायचो. मावशींनी माझं नाव पोपट ठेवलं. एकदा म्हणाल्या, "ए पोपटा, माझी कर की!"

मी तळवा कपाळाला लावून शेठ आणले. बाकीच्या हसून हसून खाली बसल्या. मावशींनी मात्र परीक्षकासारखं नीट ऐकून घेतलं.

"आवाज झाला. पर तुजी कंबर कुठं दुखत्याय रं?"

एवढं बारीक बघणारी बाई, राव!

सूर्याला शेठ का म्हणता, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "मी लई शेठ बघितलं. कांदा निवडायला जायची, तिथं शेठ. पॅकिंगला जायची, तिथं शेठ. आज काम हाय का न्हाई, ते गेटवर उभं ऱ्हाऊन कळायचं. ह्यो एकच शेठ असा, रोज येतो, वरडत न्हाई, अन् जेवायच्या आत घरी सोडतो."

खरंच होतं ते. ऊन तापायच्या आत प्लेटा पुसायच्या आणि मग आपापल्या शेतात. महिन्याचा पगार बँकेत. गळ्यात फोटोचा गेटपास. तो पास मावशी भाच्याच्या लग्नातही घालून गेल्या होत्या. नवऱ्यामुलाच्या शेजारी फोटोत उभ्या, आणि नथीखाली पास!

गावात सोलर पंप आले तेव्हा लोक दबकत होते. मावशींनी सगळ्यात आधी स्वतःच्या विहिरीवर बसवून घेतला. "आमचं मालक आधी रातचं पाणी द्यायला जायचं. लाईट तवाच यायची. अन् उसात बिबट्या. आता दिसाढवळ्या पाणी देत्यात, दुपारी झोपत्यात. जरा जास्तच झोपत्यात."

तर असं सगळं ब्येस चाललं होतं. मग त्या पापड्या आल्या.

उन्हाळ्यात एके सकाळी धाकटीनं डबा उघडला. धाकटी म्हणजे पाचजणींतली सगळ्यात लहान, नुकतीच लग्न होऊन आलेली. डब्यात तांदळाच्या अर्धवट सुकलेल्या पापड्या. त्या ती पुसलेल्या प्लेटवर मांडायला लागली. मावशी भडकल्या. "उचल ते! कंपनी हाय, तुज्या सासूचं आंगण न्हाई."

धाकटी रडवेली झाली. "माहेरी पाठवायच्यात ओ. घरी घातल्या की ट्रकची धूळ बसती, खाताना नुस्ती करकर. इथं कसं सोच्छ हाय."

आता तुम्हीच सांगा, यात काय चूक? अख्ख्या चाकणात धूळ नसलेली एकच जागा, ती म्हणजे या बायकांनी पुसलेली प्लेट. मावशींनी डबा हातात घेतला. मग स्वतःच्याच हातानं कडेच्या ओळीत पापड्या मांडायला लागल्या. "काम होईस्तवर सुकतील. मग लगेच काढ."

तेवढ्यात खाली ऑफिसातल्या स्क्रीनवर त्या झाकलेल्या ओळीची वीज घसरली. नव्या इंजिनियरनं ड्रोन उडवला. फोटोत गोल गोल पांढरे डाग. बेसिकली प्लेटा जळाल्यात, असं मॅनेजर म्हणाला आणि फोटो ग्रुपवर टाकून मोकळा झाला. सत्य कळल्यावर तो स्वतःच हसला. पण फोटो तोपर्यंत वरच्या साहेबांपर्यंत पोचला होता.

ठेकेदार शिडी चढून वर आला. "कुणाच्या आहेत या? नाव सांगा, नाहीतर पाचही पास जमा करा."

धाकटीनं तोंड उघडलं. मावशींनी तिच्या पायावर पाय दिला.

"माझ्या हायत."

मी पुढं सरकलो, तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोपटा, आज चोच बंद."

गळ्यातला पास काढला, पदरानं पुसला आणि दिला. मग ब्रश उचलला. ठेकेदार म्हणाला, "आता कशाला?"

"लाईन अर्धी ऱ्हायलीय. तेवढी पुसून जाती."

ठेकेदार मोबाईलमध्ये बघत उभा राहिला. त्यांनी लाईन पूर्ण केली.

नंतर मी त्यांच्या घरी गेलो होतो. म्हटलं, मावशी, मॅनेजरच्या आवाजात ठेकेदाराला फोन लावतो, उद्या तुम्ही परत पत्र्यावर. पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "नको रं. घावलास तर तुजाबी पास जाईल. चौघींचं चाललंय न्हवं? बास झालं." दारात त्यांच्या चपला होत्या, कांद्याची लाल सालपटं चिकटलेल्या.

चौघींचं चाललंय. धाकटीनं पगारातून शिलाई मशीन घेतलं. पापडीचा विषय मात्र कुणी काढत नाही.

परवा सकाळी वर गेलो, तर चौघी ब्रश धरून नुसत्याच उभ्या. सूर्य समोरच्या शेडवर आला होता, तरी कुणी हलेना. मला राहवलं नाही. तळवा कपाळाला लावला, दांडा टेकवला. का कोण जाणे, कंबरही आपोआप वाकली.

"आलं बघा शेठ. लागा कामाला."

चौघींनी एकदम माना वळवल्या. माझ्याकडे नाही. शिडीकडे.