साडूंच्या मूत्रपिंडांबाबत

अर्जदार: मी स्वतः, अर्जनवीस, बैठक तहसीलसमोरील लिंबाखाली, गंगाखेड. गैरअर्जदार: माझे साडू, हल्ली मुक्काम पूर्णा, मुलीच्या घरी. साक्षीदार: गंगाखेडचा अख्खा आठवडी बाजार.

कारणे अर्ज की, स्वतःच्या मूत्रपिंडांवर एवढी माया करणारा इसम परभणी जिल्ह्यात दुसरा झालेला नाही. साडूंना एचआयव्ही आहे. हे ते स्वतःच भर बाजारात सांगत असल्याने मी लिहिण्यास कचरत नाही. पूर्वी मात्र ते फार गुप्तता पाळीत. एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या परभणीहून आणीत आणि गुडघ्यासाठी गावच्या डॉक्टरांकडून दुखणे थांबवण्याची इंजेक्शने घेत. आजाराचे बिंग फुटेल म्हणून गावच्या डॉक्टरांना गोळ्या सांगितल्या नाहीत. रागावतील म्हणून परभणीच्या डॉक्टरीणबाईंना इंजेक्शने सांगितली नाहीत. व्हायचे तेच झाले. दोहोंचा भार मूत्रपिंडांवर पडला आणि ती थकल्याची खूण, म्हणजे क्रिएटिनिन, रक्तात वाढलेले निघाले.

"मामा, आणखी काय घेता तुम्ही?" बाईंनी विचारले.

"दुसऱ्या डॉक्टरचं तुमच्यापुढं कसं सांगावं, बाई? सवतीपुढं सवतीचं नाव घेतल्यावानी व्हतंय!" साडू म्हणाले.

बाई आधी हसल्या, मग सगळे वदवून घेऊन त्यांनी इंजेक्शने बंद करविली आणि एआरटीतील मूत्रपिंडांना जड जाणारी गोळीही बदलून दिली.

क्रिएटिनिन उतरले आणि साडू चढले. पंगतीत कोणी अंगदुखीची गोळी काढली की हे त्याचा हात धरीत. "थांबा पाव्हणं, किडनीला इचारलं का?" एका लग्नात नवरदेवाच्या मामाने चिडून "तुमाला काय करायचंय?" म्हणताच साडूंनी उभे राहून आपला समग्र आजार भर मांडवात निवेदन केला. शेजारचे दोघे ताट सोडून उठले. मी सरकून साडूंच्या शेजारी बसलो, तेव्हा ते हळूच म्हणाले, "जेवा साडूभाऊ. आज लय हलकं वाटायलंय."

उन्हाळ्यात मुलगी त्यांना घेऊन गेली. तेव्हापासून बाजारात माणसे पुष्कळ असतात, पण बाजार भरल्यासारखा वाटत नाही. मध्यंतरी क्रिएटिनिन पुन्हा थोडे वाढल्याचे व रक्त फेरतपासणीस दिल्याचे त्यांनी फोनवर कळविले. त्यानंतर फोन नाही. मी केला तर उचलत नाहीत.

तरी विनंती की, अहवाल उत्तम असल्यास तसे एका शब्दाने कळवावे. वाईट असल्यास काहीही कळवू नये, नुसते गाडीत बसावे. पूर्णेकडून गाडी येते तेव्हा मी स्टेशनावर असतोच.