विठूकाका आणि डेकवरची चार भोकं

विठूकाका आज पहाटे गेला, आणि रडू येण्याआधी मला त्याचा राग आला.

मांडवी बंदरात फायबरच्या बोटी दुरुस्त करायचा. नात्याने कुणी नाही, बाबांचा दोस्त.

बाबा गेल्यावर बोट माझ्याकडे आली. डेकवरचा जाळं ओढायचा गंजलेला विंच मी काढून टाकला, बोल्टची चार भोकं उरली. मग मी हुशारी केली. पुट्टी भरली, वरून पांढरा रंग. एकदम नवीकोरी!

दोन महिन्यांत पाय ठेवला की डेक दबायला लागला.

काका आला. चपला काढून अनवाणी फिरला. मग हातोडीच्या दांड्याने ठोकत, डोळे मिटून ऐकत बसला.

"हितं ऐक." ठण्ण.

"आता हितं." भद्द.

"भोकांतून पाणी मुरून आतला प्लाय कुजलाय, बाय. पुट्टी कोणी मारलीन?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

त्याने ग्राइंडर लावला आणि चार भोकांचं परातीएवढं एकच भगदाड केलं. मी ओरडलेच, "काका, बुजवायला बोलावलंय! बाबांची बोट आहे ती!"

"म्हणून तर. चांगला प्लाय लागेपर्यंत उघडायचं, मगच बुजवायचं. नायतर तुझा बापूस सपनात येऊन शिव्या घालील मला."

दोन दिवस ते नुसतं सुकवलं. मग नवा प्लाय, त्यावर काचतंतूंची मॅट, त्यावर चिकट रेझिन. रोलर त्याने माझ्या हातात दिला. "बुडबुडा ठेवू नको."

बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा तिथे रडले. हमसून हमसून.

काका म्हणाला, "रड गो. पण रोलर थांबवू नको, रेझिन सेट होतंय."

या वर्षी त्याचा खोकला थांबेना. आयुष्यभर फायबर घासताना मास्क कधी लावला नाही, तोंडाला फक्त टॉवेल. मी मागे लागले तर म्हणाला, "एक्सरे काढलाय. क्लिअर हाय सगळं."

आज काकी म्हणाली, तो गेलाच नव्हता एक्सरेला.

सगळं आटोपल्यावर मी बोटीवर गेले. चपला काढल्या. हातोडीच्या दांड्याने ठोकलं.

ठण्ण.

काका, तुझं काम ठणठणीत आहे. स्वतःवर मात्र नुसती पुट्टी मारलीस. एकदा मला ठोकून बघू द्यायचं होतंस रे.

खूप प्रेम केलंस माझ्यावर.

बाबा भेटले तर सांग, बोट नीट आहे.