गुडघे टेकलेली माणसं

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्या शेजारच्या काकांच्या गॅरेजमध्ये गाडी नसते. तिथे टेबलावर निकोपोलिसची लढाई मांडलेली आहे. बोटभर उंचीचे शिपाई काका स्वतः रंगवतात. "सहाशे वर्षांपूर्वी तुर्कांनी केलेलं युरोपच्या सरदारांचं पानिपत, बरं का," असं ते येईल त्याला सांगतात. हंगेरीच्या राजाचं न ऐकता सरदार घाईने पुढे घुसले आणि कापले गेले, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो.

कोपऱ्यात हात बांधलेले, गुडघे टेकलेले तुर्की कैदी आहेत. लढाईआधी सरदारांनी त्यांना मारून टाकलं. हे मात्र काका विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

परवा गेलो तर ते त्याच कैद्यांचा रंग खरवडून त्यांना सरदारांचे कपडे रंगवत होते. लढाई जिंकल्यावर सुलतानाने पकडलेल्या सरदारांची मुंडकी उडवली, त्याची ही तयारी.

"काका, नवे ऑर्डर करायचे ना."

"कशाला? गुडघे टेकल्यावर माणूस सारखाच दिसतो," काका म्हणाले आणि ब्रश धुवायला लागले. मी "बरं का"ची वाट बघत राहिलो.