एक गिअर पुढे, चार मागे

दानियलच्या अंगणात धड मोटार कोणी कधी पाहिली नाही. जी यायची ती अर्धी असायची, आणि दानियलचा हात लागला की पाव व्हायची. खांडबाऱ्याला स्टेशनापलीकडे त्याचं घर. दिवसा तो नवापूरच्या एका पोल्ट्रीत पंखे, पाण्याच्या मोटारी आणि जनरेटर सांभाळतो. तिथे त्याच्याइतका शिस्तीचा माणूस नाही. घरी मात्र शिस्त चपलांबरोबर दाराबाहेर राहते. एकदा पान्हा हातात आला की तो ना जेवणाचा, ना पाहुण्यांचा. त्याची बायको एस्तेर अंगणवाडी चालवते. ती म्हणते, "याच्याशी बोलायचं तर गाडीखाली आडवं व्हावं लागतं." आणि होतेही ती कधीकधी, खोटं कशाला सांगा.

यंदाची मोटार मात्र हौसेची नव्हती. दानियलची आई रमीबाई आणि तिचा थोरला भाऊ होळ्या यांच्यामध्ये अकरा किलोमीटर आणि एक चढ होता. होळ्यामामाचा पाडा डोंगरावर. डांबरी सडक ओढ्यापर्यंत, पुढे मुरमाचा उभा रस्ता. रमीबाईचे गुडघे गेलेले, फटफटीवर तिला बसवत नाही, आणि जीपवाले ओढ्यापाशी उतरवून मोकळे होतात. मामालाही या वयात डोंगर उतरवत नाही. दोन वर्षं बहीणभाऊ भेटले नव्हते. मामा जुन्या वळणाचा. नवं भात निघालं की आधी देवाला, मग बहिणीला, मग स्वतःला. बहिणीचं घर ख्रिस्ती झालं तरी त्याने हा क्रम बदलला नव्हता. दोन वर्षं त्याने तांदूळ गाठोड्यात बांधून खाली पाठवला. यंदा त्याचा मुलगा सुकराम बाजाराला आला तो हात हलवत.

"बाबाने तांदूळ दिला नाही, आत्या," तो रमीबाईला म्हणाला. "म्हणतो, वर येऊन खा. आम्ही सगळे नवा भात खातो, आणि तो एकटा नागलीची भाकर मोडत बसतो. तीन आठवडे झाले."

"त्याला सांग, येत्या रविवारी येते," रमीबाई म्हणाली. "गाडी नसली तर चालत येईन."

ती बोलली म्हणजे निघणारच, हे दानियलला ठाऊक होतं. आणि तो चढ तिच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता.

दिनेश भंगारवाल्याकडून उन्हाळ्यात आणलेली एक छोटी लाल मोटार अंगणात होती. तिचं इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना. मागे माणसं बसली की मुरमावर पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरायची. म्हणून दानियलने इंजिनच उचलून मागे न्यायला घेतलं होतं. वजनही मागे, ओढही मागे. मागचं बाक काढून त्याने चौकट वेल्ड केली होती. बॉनेट अपघातात चेपलेलं, ते फायबरचं करायचं ठरलं. हे काम तो सुरतेला टाक्यांच्या कारखान्यात शिकला होता. साचा म्हणून त्याने आईची धान्याची कणगी आडवी घातली, तिच्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढवलं, आणि ते लवकर वाळावं म्हणून पोल्ट्रीतले पिल्लांना ऊब देणारे दिवे वर टांगले. घाईत साच्याला मेण लावायचं राहिलं. रेझिन वाळलं आणि कणगी कायमची आत अडकली.

"धान्य आधी काढलंस, तेवढी तरी अक्कल दाखवलीस," रमीबाई म्हणाली.

पुढची अक्कल त्याने इंजिन बसवताना दाखवली. तेच इंजिन तोंड फिरवून बसवलं तर प्लग आणि कार्बोरेटर डिकीच्या दाराकडे येतील, हात चटकन पोचेल, असं त्याच्या डोक्यात आलं. कोणालाही न विचारता त्याने ते फिरवून बसवलं.

शनिवारी संध्याकाळी गाडी पाहायला अर्धी गल्ली जमली. दानियलने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे जाऊन शेजारच्या जसोदाबाईच्या तुरीच्या काड्यांच्या ढिगात शिरली. त्याने दुसरा टाकून पाहिला. गाडी ढिगात आणखी खोल गेली. दिनेश वाकून खाली पाहत होता, तो हसत हसत जमिनीवरच बसला आणि अहिराणीत म्हणाला,

"दानियलभाऊ, इंजिन तू फिराई बसाडं. आते चाकं बी उलटी फिरी ऱ्हायनीत. तुन्ही गाडीले पुढे जावाले एकच गेर शे, रिव्हर्सना. मांगे जावाले चार."

गल्लीला त्या दिवशी दुसरी करमणूक लागली नाही. दानियल मात्र ओट्यावर जाऊन बसला. इंजिन पुन्हा काढायचं म्हणजे रविवार गेलाच. लोक हसले याचं त्याला काही नव्हतं. आईला दिलेला शब्द आपल्या अतिशहाणपणामुळे बुडाला, हे त्याला फार लागलं. रमीबाई गुडघ्यांवर हात टेकत शेजारी येऊन बसली. मायलेकांचं बोलणं मावची बोलीत चालतं, इथे मराठीत सांगतो.

"पुढे जातच नाही का?"

"जाते, आई. एका गिअरमध्ये. रांगत."

"माझ्यापेक्षा जोरात?"

"तुझ्यापेक्षा जोरात जाते."

"मग तोंड कशाला पाडलंस? सकाळी लवकर निघू."

रविवारी सकाळीच प्रार्थना आटोपून तिघं निघाली. रमीबाई पुढे, एस्तेर मागे इंजिनशेजारी पाट टाकून. रिव्हर्स गिअर टाकला की वाजणारा भोंगा दानियलने मोठ्या हौसेने आधीच बसवून ठेवला होता. आता पुढे जायलाच रिव्हर्स, त्यामुळे तो टुंईटुंई करत सुरू झाला आणि थांबेना. सडकेवर सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते, आणि गाडी पुढे जात असताना मागचा पांढरा दिवा का लागलाय, हे वळून वळून पाहत होते.

"वायर तोड त्याची," एस्तेर कानांवर हात ठेवून म्हणाली.

"राहू दे," रमीबाई म्हणाली. "दादाला वरून ऐकू येईल."

ओढा ओलांडून चढ सुरू झाला. इथे घाई कामाचीच नव्हती, आणि गाडीला ती येतही नव्हती. गिअर हळू पण ताकदीचा, इंजिनचं ओझं मागच्या चाकांवर, त्यामुळे ती मुरूम धरून एकेक वळण चढली. शेवटच्या वळणावर चाकं घसरली. एस्तेर न सांगता सरकून पार मागे डिकीला पाठ लावून बसली, दोन दगड उडाले आणि गाडीने पुन्हा जमीन धरली. गाडी वर पोचली. भोंग्याने तोवर सगळ्या पाड्याला बाहेर काढलं होतं.

होळ्यामामा उंबऱ्यापाशी उभा होता. रमीबाई उतरली तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आत भात वाढला गेला. तिने पहिला घास घेतला, मगच त्याने आपल्या ताटाला हात लावला. नंतर मात्र म्हाताऱ्याने तीन आठवड्यांची कसर काढली. त्याला खाताना पाहून दानियलला उगाचच डोळे पुसावे लागले.

दुपारी ऊन कललं तसा दानियल निघायची भाषा करू लागला. रमीबाई जागची हलली नाही.

"आता हे इंजिन सरळ करायला काढावं लागेल ना?" तिने विचारलं.

"काढावं लागेल, आई."

"मग तोवर मला न्यायला कशी येणार गाडी?" ती ताटातल्या शितांकडे पाहत म्हणाली. "मोठं काम असेल. महिना तरी लागेल ना रे?"

काम आठ दिवसांचं होतं. दानियलने एस्तेरकडे पाहिलं, एस्तेरने छपराकडे. होळ्यामामा खायचा थांबून भाच्याच्या तोंडाकडे बघत होता.

"दीड महिना," दानियल म्हणाला.